नारळाच्या खोलीचा दोरा

अप्पा, परवा दिघीहून आगरदांड्याला जाताना बोटीत आपल्या माडांवर चढणाऱ्या गड्याची बायको भेटली. आता बरीच म्हातारी झाली आहे. आधी तिने मला तुमच्यासारख्या नाकावरून ओळखलं, आणि बोट पलीकडे लागेपर्यंत असं काही सांगितलं की गेले दोन दिवस माझ्या कामात चुका होत आहेत. मी कारखान्यात दाबमापकं तपासते. तिथे चुकून चालत नाही.

आधी मला जे ठाऊक होतं ते लिहिते. दिवेआगरला आपली नारळाची वाडी, आणि आमटीत नारळ मात्र एक दिवसाआड. नारळाच्या खोलीला कुलूप, चावी तुमच्या करदोड्याला. आई पदराला हात पुसत पडवीत यायची, "नारळ हवा होता" म्हणायची, आणि तुम्ही "परवाच दिला ना?" म्हणत उठायचात, त्यातल्या त्यात लहान निवडून आणायचात. कुणी घरी आलं की ती आधी तुमच्या तोंडाकडे बघायची आणि मग त्यांना "जेवून जा" म्हणायची. मला ते फार लागायचं. तिला लागत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

नववीत इंग्रजीच्या बाईंनी नाताळच्या सुट्टीआधी त्या कंजूष म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. भुतं येऊन त्याला त्याचं मागचं-पुढचं आयुष्य दाखवतात, आणि नाताळच्या सकाळी तो उठतो तो वेगळाच माणूस होऊन. मी ती घरी येऊन मुद्दाम सांगितली. तुम्ही पडवीत नारळ सोलत होतात. त्याच्या घरातला गारठा आणि अंधार मी जरा जास्तच रंगवला. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे आईही ऐकत असणार. गोष्ट संपल्यावर तुम्ही विचारलंत, "मग लोक हसले असतील त्याला?"

"हसले. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही."

"नाही वाटलं होय?" म्हणालात, आणि पुढचा नारळ घेतलात.

नाताळच्या सकाळी चावी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर होती. तुम्ही वाडीत निघून गेला होतात. आई दिवसभर त्या खुंटीखालून ये-जा करते आहे, चावीला हात लावत नाही. संध्याकाळी मला हळूच म्हणते, "काढू का गं एक?" आणि मी, चौदा वर्षांची, तिला सांगते, "थांब. आधी खरं आहे का बघू." तिच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मी खोलीच्या दाराला खालच्या बाजूने आडवा बांधला. तुम्ही नारळ मोजायला आत गेलात तर तो तुटणार होता. सकाळी चावी खुंटीवरच होती. दोरा तुटला होता.

दुपारी जेवताना मी बोलले. "दोरा बांधला होता मी दाराला. तुटलाय. अप्पा मोजून आले. गोष्टीतला म्हातारा बरा, तो खरंच बदलला."

आई म्हणाली, "गप जेव."

तुमचा घास हातात होता. तो तुम्ही खाल्लात, मग म्हणालात, "इन्स्पेक्टर हो, बाय. शोभेल तुला." हात धुतलेत, चावी काढलीत आणि करदोड्याला अडकवलीत. ती पुन्हा सुटली मी बारावीत असताना, तुमच्या शेवटच्या आंघोळीच्या वेळी.

आता परवाचं. ती म्हातारी म्हणाली, "माझ्या थोरलीचा साखरपुडा व्हता. नाताळाचा दुसरा दिस. पहाटे बघते तर तुझा बाप दारात, डोक्यावर पोतं. चाळीस नारळ! मी म्हनलं, अप्पा, येवढं? तर बोलला, ठेव गं. आमच्या घरी बोलू नको, मला अजून सवय न्हाय." मग ती हसली. "पुन्हा काय दिलं न्हाय कवा. पर तवा दिलं व्हतं."

थोरलीच्या साखरपुड्याला त्या संध्याकाळी मी जेवायला गेले होते. वर्ष तेच.

काटा हलला की तो का हलला हे आधी शोधायचं, असं मी कामावर नव्याने आलेल्यांना शिकवते. दार उघडलं गेलं, एवढंच माझ्या दोऱ्याने सांगितलं होतं. बाकीचं मी भरलं. तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर, असं दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पुरत नाही. कदाचित आठवडाभराने तुम्ही चावी आपणहूनच परत घेतली असतीत. तेही शक्य आहे. पण ते कळायची सोय मी ठेवली नाही.

वादळात त्या खोलीवर माड पडला. आता तिला दारच नाही, नारळ पडवीत उघड्यावर असतात. तरी आई विचारतेच. आज सकाळीही विचारलं, "एक फोडू का गं?"

"मला काय विचारतेस? फोड की."

"तुझ्या अप्पांनी लावलेली सवय," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तसेच राहिले ते. एकदा वाटलं होतं मला, तुझ्या त्या गोष्टीनंतर. जाऊ दे."

मग नारळ खवण्याचा आवाज सुरू झाला. तेव्हाच तिला सांगायला हवं होतं, अप्पा. मी डबा भरून घेतला आणि बोट गाठायला निघाले.