तंजावरकरांनी मोडलेली अंगाई

ती. मामंजी,

साष्टांग नमस्कार.

आज यशवंतपूरच्या बाजारात भाजी घेत होते. समोरच्या भिंतीवर एक माणूस खळ लावून पोस्टर चिकटवत होता. तुमच्या तंजावरकरांचा नवा तमिळ सिनेमा येतोय. मी निवडलेली कोथिंबीर तिथेच ठेवली आणि घराकडे निघाले, तुम्हाला सांगायला. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं, तुम्हाला जाऊन आता वर्ष होत आलंय. मग हे कुणाला सांगायचं? म्हणून लिहायला बसले.

तंजावरकर हे काही त्यांचं नाव नव्हे, ते तुम्ही ठेवलेलं. "मद्रासला एवढा मोठा संगीतकार, पण घरात मराठी बोलतो. पूर्वज तंजावरला गेलेले. आपलाच माणूस," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. तुम्ही मूळचे निपाणीचे, पण रेल्वेच्या नोकरीत निम्मं आयुष्य सेलमला काढलेलं. त्यामुळे तमिळ तुम्हाला घरच्यासारखं यायचं.

मी साताऱ्याहून लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा मला ना कन्नड येत होतं, ना तमिळ. हे कारखान्यात पाळीवर गेले की मी दिवसभर मुकी. ते तुमच्या लक्षात आलं होतं ना? कधी बोलला नाहीत. पण दुपारी रेडिओ लावून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसायला लागलात आणि मला एकेका ओळीचा अर्थ सांगायला लागलात. "निलवु म्हणजे चंद्र. कण्णु म्हणजे डोळा, पण आई बाळाला कण्णे म्हणते तेव्हा ते आपल्या सोन्यासारखं." आतून सासूबाई म्हणायच्या, "सुनेला पोळ्या लाटू द्याल का आज?"

तंजावरकरांची ती अंगाई तुमची सगळ्यांत आवडती. आमची मीना तान्ही असताना तुम्ही ती तुमच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचात आणि ती खरंच झोपायची. रेडिओवर लागली की पहिल्याच ओळीनंतर तुमचं बोट वर जायचं. "ऐक. इथे तो काहीच वाजवत नाही. आई बघतेय, मूल झोपलं का ते." तोवर गाण्यातल्या न वाजलेल्या जागेकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मग बऱ्याच वर्षांनी त्यांचा नवा सिनेमा येणार असं कळलं. पण तोवर तुमच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी तुम्हाला घराबाहेर पडायला बंदी केली होती. "तुम्ही दोघं जा," म्हणालात. "आणि तू नीट ऐकून ये."

कँटोन्मेंटमधल्या टॉकीजमधून परत आलो तर तुम्ही दाराशीच उभे. ह्यांनी सांगितलं, "छान होता. खूप हसलो." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"गाणी कशी आहेत?"

"मला नाही आवडली, मामंजी. फार गोंगाट आहे. शब्दसुद्धा ऐकू येत नाहीत."

तुमचा चेहरा असा झाला, जणू मीच तुमचं काही फोडून आले होते. "तुझं तमिळ अजून कच्चं आहे," एवढं म्हणून तुम्ही आत गेलात. असं का म्हणालात? ते तमिळ तुम्हीच तर मला दिलं होतं. नंतर किती तरी दिवस आपण गाण्यांविषयी बोललो नाही. तुम्ही खुर्ची दाराशी आणली नाहीत, मीही म्हटलं नाही.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि रेडिओ चालू होता. अंगाईचे पहिले सूर आले. तुम्ही हसलात. मला मात्र सिनेमात ऐकलेलं ठाऊक होतं. त्यांनी आपलीच जुनी चाल घेऊन तिचं हॉटेलातल्या नाचाचं गाणं केलं होतं. मी उठायच्या आत तुमचं बोट वर गेलं, नेहमीच्या जागी. आणि तिथे ढोल आणि पिपाण्या एकदम सुरू झाल्या.

तुमचं बोट तसंच राहिलं. मी कळ फिरवायला गेले तर म्हणालात, "स्वल्प थांब. त्याचं सगळं ऐकून घेऊ." आपण सगळं ऐकलं. संपल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "सरी, बरोबर. तुझं तमिळ कच्चं नाही."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. सासूबाई रागावल्या, "सिनेमाचं गाणं ते. त्याच्यासाठी ताट सोडायचं?"

"अगं, त्याच्या घरात त्याला सांगणारं कुणी नसेल का?" तुम्ही एवढंच विचारलंत.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. गाण्यामुळे कुणी जात नाही हे मला कळतं. पण शेवटच्या त्या आठवड्यांत घर किती गप्प होतं. मी म्हटलं, जुनी गाणी लावू का? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. "ते ऐकलं की आता हेच ऐकू येतं." मला त्या माणसाचा फार राग आला, मामंजी. अजून आहे. नवं वाईट केलं ते केलं, आमचं जुनं कशाला मोडलं? आणि थोडा राग तुमचाही आहे. इतकं मनाला का लावून घेतलंत?

आज भाजीशिवाय परत आले म्हणून सासूबाईंनी कारण विचारलं. मी पोस्टरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते बघायला."

"तुम्हाला कुठे आवडतात त्यांची गाणी?"

"नाहीच आवडत. पण त्यावरून यांच्याशी रोज भांडण तरी व्हायचं. आता घरात बोलू कुणाशी?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू मला अर्थ सांगत बस. यांनी तुला सगळे सांगितले, मला कधी एक नाही सांगितला."

खरंच, मामंजी, कधीच नाही? त्या चुलीपाशीच तर असायच्या.

मी त्यांना नेणार आहे. गुडघे दुखतात म्हणून रिक्षाने नेईन, कडेच्या खुर्चीवर बसवेन आणि प्रत्येक ओळ त्यांच्या कानात सांगेन. गाणी चांगली निघोत की वाईट, या वेळी माझं लक्ष पडद्याकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त असेल. एवढं वचन देते.

तुमची सूनबाई,
सुमती