पहिल्या हाकेला

प्रिय लेकीस,

नाव लिहिलं न्हाई म्हणून रुसू नको. फोन सोडून आई चिठ्ठी काहून लिहून राहिली म्हणून हसशील. हस बाई, पण पुरी वाच. जावईबापूंच्या हाती मुद्दाम देते आहे.

तुला पाचवा लागला. उलट्यांचा काळ सरला, आता भूक खवळेल. माती खाऊ वाटली तर गूळ-शेंगदाणे खा; तुझ्या वेळी मी निम्मी चूल उकरून खाल्ली न् रक्त पार कमी करून घेतलं. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरू नको. या महिन्यात लेकरू हलेल. आधी वाटतं पोटात वारा फिरला, मग एक दिवस बराबर कळतं, की आत दुसरं कोणीतरी आहे. सातव्यात छातीत जळजळ होईल, पाय सुजतील. पण तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर कुणाला विचारत बसू नको, सरळ दवाखाना गाठ. नवव्यात पोट खाली उतरतं न् श्वास मोकळा होतो. एवढं तर तुमच्या कनेरगावच्या आशाताईपण सांगतील. पुढचं त्या सांगणार न्हाईत.

तुझ्याआधीचं माझं लेकरू सातव्यात गेलं, हे तुला ठाऊक आहे. कसं गेलं ते कधी सांगितलं न्हाई. भर दुपारी मी परसात गोवऱ्या थापत होते. पेरूच्या झाडामागून माझ्या आईनं 'सुमे' म्हणून हाक मारली. मी हौसेनं ओ दिली न् शेणाच्या हातानंच पळाले. झाडामागं कोणी नव्हतं. आई तर माझ्या लग्नाआधीच वारली होती, हे मला ओ दिल्यावर आठवलं! संध्याकाळपासून लेकरू हललं न्हाई. डॉक्टर म्हणाले, नाळेला गाठ बसली. तेही खरं असेल. पण पारुबाई सुईणीनं पोटाला हात लावला न् एवढंच विचारलं, कुणाला ओ दिलीस गं?

पारुबाई म्हणायची, माणूस ओ मिळेपर्यंत हाका मारतं, पण पोटातल्या लेकरावर टपलेली ती एकदाच मारते. न् जिनं ओ दिली, तिचं लेकरू जातं न् तिचा आवाज त्या हाक मारणारीकडं राहतो, पुढच्या हाकेसाठी. तू पोटात होतीस तेव्हा मी कानात कापूस घालून फिरले. तुझे बाबा मला बोलवायला ताट वाजवायचे. अख्खा साखरा गाव मला बहिरी म्हणायचा, म्हणू दे मेल्यांना. तू जन्मलीस तेव्हा कापूस काढला न् पहिलं तुझं रडणं ऐकलं.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की दुपारी न्हाणीमागून मी तुझ्या लाडाच्या नावानं हाक मारल्यासारखं वाटलं, ओ देणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. माय माझे, मी तर इथं साखऱ्यात होते. न् त्या नावानं तुला बोलावणारी साऱ्या जगात मी एकटीच. म्हणून आजपासून मी फोन करणार न्हाई. सातव्यात माहेरी येशील तेव्हाही तोंडानं बोलावणार न्हाई, ताट वाजवीन. तुझं लेकरू जन्मून रडेपर्यंत तुझं नाव माझ्या तोंडून निघणार न्हाई. जीव तुटतो गं माझा, पण न्हाई. तोवर माझी हाक ऐकू आली, कितीही मायेची आली, तरी ती मी न्हाई. ओ देऊ नको.

तुझीच, ताट घेऊन दारात बसलेली,
आई