एकरंगी विमान

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि खोकं जपून उघड, हेही वि. वि.

ही गेल्यानंतर केलेलं हे पहिलं विमान. वीतभर लांबीचं, पण सहा आठवडे खाल्ले त्यानं. वरून हिरवे-तपकिरी पट्टे, म्हणजे जमिनीवर उभं असताना शत्रूला आकाशातून दिसू नये. नागमोडी रेघा आखल्या, चिकटपट्ट्या लावल्या आणि एकेक रंग फवारला. त्याआधी रंगाच्या बाटल्या धुऊन लख्ख केल्या, इतकी धूळ बसली होती.

पंधरा तारखेला क्लबाचं प्रदर्शन आहे. त्याआधी तू बघ आणि खरं काय ते कळव. एकट्यानं जमत असेल तर पुढेही करीन, नाहीतर टेबल आवरून टाकतो.

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त लागेल.
तुझा,
बारक्या

८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. साठी उलटलेल्या माणसाला चि. लिहिताना हसू येतं, पण सवय जात नाही.

विमान सुखरूप पोचलं. चाकं, काच, आतली इवलीशी खुर्ची, सगळं झकास. दोन दिवस येता-जाता बघत राहिले आणि काय लिहावं ते सुचेना. पण प्रदर्शनात चारचौघांत तुझं हसं व्हायला नको, म्हणून लिहिते. पट्टे नाहीत रे. अख्खं विमान हिरवं आहे. तू दोन्ही वेळा हिरवाच फवारलास.

रागावलास तरी पत्र पाठव.
तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

बाटल्या घेऊन शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेलो. तपकिरी म्हणून वापरलेली बाटलीही हिरवीच, असं त्या म्हणाल्या. ही झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवायची. मी बाटल्या धुतल्या तेव्हा त्या चिठ्ठ्या गेल्या, तरी कुठली बाटली कुठली ते लक्षात आहे असं मला वाटलं.

आता सांगूनच टाकतो. मला हिरवं आणि तपकिरी वेगळं दिसत नाही, कधीच दिसलं नाही. इतकी वर्षं ही शेजारी बसून कुठवर कुठला रंग ते बोटानं दाखवायची. बक्षिसं मात्र मी घेतली. मला आजवरची सगळीच विमानं एकरंगी दिसली, मग या विमानाचं काही बिघडलंय हे कळणार कसं? फार लाज वाटते. तुझ्यापासूनही लपवलं. टेबल आवरायला घेतलंय. विमान परत पाठवू नकोस.

अजून लोभ उरला असेल तर कळव.
बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ., तेही कान पिळून.

माझ्यापासून काय लपवतोस? शाळेत तू झाडांची खोडं हिरवीगार रंगवायचास, तेव्हा तुझे खडू ओळीनं लावून कोण द्यायचं? तुझ्या लग्नाच्या आठवड्यात ते काम मी तुझ्या बायकोला सोपवलं. तिनं मला बजावलं होतं की मला हे ठाऊक आहे याचा तुला पत्ता लागू द्यायचा नाही. तिला एकटीलाच माहीत आहे असं तुला वाटतं, तर वाटू द्यावं. पस्तीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं.

शेवटच्या आजारात तिनं ते काम मला परत दिलं होतं. मी हो म्हणाले. पुढे रडण्यातच महिने गेले, आणि तू एकटाच रंगवायला बसशील हे डोक्यात आलंच नाही. चुकलं ते माझं.

टेबल जिथल्या तिथे राहू दे. सोमवारी येते. तिच्याइतका धीर माझ्यात नाही, तोच रंग दोनदा विचारलास तर ओरडेन.

लोभ समोर बसूनच करीन.
ताई