खटका पाडला तरी

शुक्रवार, संध्याकाळ. गारखेडा.

कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मीच झाडते आणि सुटताना मेन खटका मीच पाडते. सरांचा हुकूमच हाय तसा. पण खटका पडला की घरून मोबाईलवर लॅबचं कॉम्प्युटर चालवणाऱ्या पोरींचं काम अर्ध्यातच मरतं. गंगापूरची माझी भाची पूजा तर रडायचीच. तिच्या घरी कुठलं आलंय कॉम्प्युटर?

म्हणून आमची लेक सुजाता, ज्याच्यावर हे समदं चालतं त्या फुकटच्या लॅब-सॉफ्टवेअरमधी बदल करायच्या मागं लागली. आता ते लॅबच्या मशीनसंगं क्लाउडवाल्या कंपनीचं लांबचं, भाड्याचं कॉम्प्युटरबी पोरींना देणार, म्हणे. क्लाउड म्हंजे काय ते मला अजून नाय कळलं. कळून तरी काय करायचंय?

आज पूजा फोनवर होती, तिचं काम चालू असतानाच सुजाता म्हणाली, "आई, पाड खटका."

"अन् पोरीचं काम मेलं तर?"

"पाड गं!"

हात वर गेला अन् तिथंच राह्यला. रोजचाच खटका, आजच का भ्या वाटलं? शेवटी पाडला. लॅब एकदम गप झाली. फोनवर पूजा वरडली, "मावशी, पाड ना लवकर! मला उरकायचंय."

"कवाच पाडलाय, बये!"

सुजाता फरशीवरच बसली, हसत सुटली. केलेलं काम ती आता समद्या जगाला फुकट वाटणार. लई येडी हाय. वाटू दे.

कुलूप लावलं, परत उघडलं, आत जाऊन खटका बघून आले. खालीच होता.