बेटावरचा उंदीर कोणाचा?

तीर्थरूप मामांस,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यालाही (घरातला सगळ्यात जुना तक्रारखोर तो, त्याला वगळून कसं चालेल?). मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना तुम्ही स्वच्छ दिसू लागला असाल, त्याबद्दल मात्र त्यांचं सांत्वन. माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, ते का ते लिहितो.

तुम्ही चारचौघांत सांगता की भाचा बेटावर पक्षी सांभाळतो. मामा, भाचा लोकांचे बूट घासतो. बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला धक्क्यावरच्या बंद खोलीत घ्यायचं, दार लावायचं, मग बुटांचे तळ, पिशव्यांचे कोपरे, पँटच्या दुमडी सगळं उपसायचं. दार आधी लावायचं, कारण सामानातून काही उडी मारून निघालंच तर ते खोलीतच राहायला हवं. इथले समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून वर्षाला एकच अंडं घालतात, आणि उंदीर ही काय चीज आहे हे त्यांना ठाऊकच नाही. उंदीर कुरतडायला लागला तरी पिल्लू जागचं हलत नाही, बसून राहतं. मागच्यांनी हाडाची काडं करून अकरा वर्षांपूर्वी शेवटचा उंदीर संपवला. आता एक पोटुशी उंदरीण आली की ती सगळी मेहनत पाण्यात.

हे एवढं सोपं गणित, पण ते कळणारा माणूस इथे माझ्याशिवाय कोणी नाही. आमचे साहेब घ्या. नियम त्यांनीच लिहिला, त्यामुळे तो आपल्याला लागू नाही असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. बूट पुढे करा म्हटलं की त्यांना नेमका फोन येतो (बेटावर फोन लागत नाही, तरी येतो). वनस्पतीवाल्या बाई परक्या गवतावर दोन-दोन तास भाषण देतात आणि स्वतःच्या मोज्यांत त्याच गवताचं बी घेऊन उतरतात. मी चिमट्याने सदतीस बिया काढल्या, तर बाई म्हणाल्या की नमुना म्हणून मला परत द्या! छायाचित्रकार तर बोलून चालून कलावंत. त्याच्या बॅगेला अठरा कप्पे आणि त्यातल्या सोळांत काय आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं.

तर गेल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. आम्ही बेटावर जागोजागी प्लास्टिकच्या लांबट नळ्या ठेवतो. आत शाईची पट्टी, दोन्ही बाजूंना कोरा कागद आणि मध्ये शेंगदाण्याचं बटर. जो खायला येईल तो आपल्या पायांनी सही करून जातो. इतकी वर्षं फक्त खेकड्यांच्या आणि सरड्यांच्या सह्या. त्या दिवशी मी कागद बाहेर ओढला तर त्यावर वेगळीच पावलं. उंदीर! साहेबांनी चष्मा वर-खाली करून तो सरडाच ठरवला. सरडा पटेना तेव्हा त्यांनी समिती नेमली, आणि समितीने पहिल्याच बैठकीत जनजागृतीचं पोस्टर मंजूर केलं. पोस्टरवर उंदीर इतका गोंडस काढलाय की पक्ष्यांनाही तो आवडावा.

दोष कोणाच्या तरी गळ्यात घालायलाच हवा होता. साहेबांनी होडीवाल्याकडे बोट दाखवलं. होडीवाला मलाच म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला रोज बघतो, लोकांच्या पिशव्या उलट्या करताना. तुमची कोण करतं हो?" (या लोकांना डोक्यावर चढवून घेतलं की असं होतं.) मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी सरळ छायाचित्रकाराला धरला. सगळ्यांसमोर त्याची बॅग रिकामी केली, शिवणीसुद्धा उसवल्या. अर्धं बिस्कीट निघालं. मी ते बिस्कीट हातात धरून वीस मिनिटं बोललो, मामा, आणि फार छान बोललो. एका माणसाच्या बेपर्वाईने अख्खी जात नष्ट होते वगैरे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा परवाना त्याच दिवशी रद्द झाला, तीन वर्षांचं काम अर्ध्यावर राहिलं. उसवलेली बॅग छातीशी धरून तो मान खाली घालून होडीत बसला, गुन्हेगार असेच बसतात.

बाकी सर्व कुशल. मामींना डोळे चोळू देऊ नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : सहज विचारतो. गेल्या महिन्यात तुम्ही कपबशा पाठवल्यात, ती लाकडी पेटी कुठे ठेवलेली होती? आत पेंढा होता म्हणून विचारलं. तुम्ही तीस वर्षं गोदाम सांभाळलंत, तुम्हाला उंदरांतलं कळतं. पेंढ्याच्या कोपऱ्यात मुठीएवढी गोल मऊ गादी होती, कागदाच्या बारीक चिंध्यांची. एकटा नर अशी गादी करतो का? कृपा करून 'हो' असं कळवा. पेटी मी बंद खोलीत उघडली नाही. पाऊस होता, आणि घरची होती. घरच्या पेटीला कसला आलाय नियम, असं वाटलं.

ता. क. २ : मला रात्रभर झोप नाही. साहेबांना लिहिलेली चिठ्ठी तीनदा फाडली. नोकरी जाईल याची भीती आहे, पण ते अर्धं बिस्कीट डोळ्यांसमोरून हलत नाही. मला स्वतःची लाज वाटते.

ता. क. ३ : पाकीट बंद करणार होतो, तेवढ्यात आजचे कागद आले. पुन्हा पावलं आहेत. इवलीशी, पाच-सहा जणांची. तेव्हा वरच्या प्रश्नाचं उत्तर आता नको. आधी छायाचित्रकाराला सगळं खरं लिहितो आणि मग साहेबांकडे जातो. मामींना मात्र एवढंच सांगा की पेटी सुखरूप पोचली.