गोपाळचे आजोबा, मुक्काम बीबी

बुलढाणा
२१ सप्टेंबर १९६४

गोपाळच्या आजोबांना घरच्या बाईचा नमस्कार.

आम्ही सगळे धड आहोत. तुम्हीही असाल, कारण तुमाले आजारी पडायलेही खर्च वाटतो. हे पत्र मी स्वतः लिहून राह्यले. दुसरीतून शाळा सुटली त्यानंतर पेन्सिल धरलीच नव्हती. सहदेवले सांगितलं असतं तर त्यानं कचेरीतल्या अर्जासारखं लिहिलं असतं, अन् तुम्ही बापलेक आधीच एकमेकांशी अर्जासारखे बोलता. पोरानं शेती सोडून कारकुनी धरली त्याले सहा वर्षं झाली. आता पुरे करा.

तुमच्या नातीले, सुलभाले ताप आला म्हणून आठ दिवसांसाठी आले होते, त्याचे चार महिने झाले. तुमचा निरोप मिळाला: शहरात पाय ठेवला की हात खिशात जातो, मी येणार नाही, तूच ये. म्हणून इथं फुकटात काय काय करतो ते लिहिते. एक पैसा सापडला तर सांगा.

रविवारी ऊन उतरलं की आम्ही घाटाच्या तोंडाशी जातो. तिथं दगडी कठडा आहे. खाली सगळा मुलूख पसरलेला, अन् त्यातून मलकापूरची एस.टी. मुंगळ्याएवढी वर चढत येते. एका वळणावर दिसते, मग झाडीत शिरते. आता कुठून निघंल याची पोरं पैज लावतात. पैजेले चिंचोके. कोकिळाही लावते, अन् हारली की चिंचोके पदराआड लपवते. तुमची सून शोभते.

मग गोपाळ दरीत हाका मारतो अन् डोंगर त्या परत करतो. काल त्यानं तुमच्या नावानं हाक मारली, रावासकट. डोंगरानं तीनदा तुमचं नाव घेतलं. त्याले काही लाज नाही. मी अलीकडं रस्त्याच्या मोरीवर बसले होते, मले पदर तोंडाले लावावा लागला. कठड्यापर्यंत गेले नाही. हवा मोरीवरही तीच आहे.

वाटेनं उताराले पिकून पडलेली सीताफळं सापडतात. ती खायची अन् बी कोण लांब उडवते ते पाहायचं. सहदेवची बी सगळ्यांच्या पुढं जाते. हे त्याले कचेरीत नाही शिकवलं, तुम्ही शिकवलं होतं, खळ्यावर बसून.

तर दिवाळीले या. दूध चुलीवर ठेवून ओट्यावर गप्पा मारत बसू नका, उतू जाते.

तुमच्या घरची बाई


बुलढाणा
१२ ऑक्टोबर १९६४

गोपाळच्या आजोबांना नमस्कार.

कार्ड पोचलं. तीन ओळी. पत्र उकंडरावाकडून ऐकले, कापूस वेचणीस आला, दसऱ्यास परत येणे. कोणाकडून लिहवून घेतलं ते समजलं नाही, पण त्यानंही तुमच्याकडून शब्द मोजून घेतलेले दिसतात.

चूक माझी आहे. पाकिटावर गोपाळचे आजोबा, मुक्काम बीबी, एवढंच लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार? चाळीस वर्षांत जे तोंडातून काढलं नाही ते पाकिटावर कसं काढू? उकंडरावाच्या नातवाचंही नाव गोपाळ आहे हे ध्यानातच आलं नाही. पोस्टमननं त्याच्या ओट्यावर टाकलं, त्याच्या सुनेनं खड्या आवाजात वाचलं, अन् तुमाले आजारी पडायले खर्च वाटतो हे अर्ध्या गावाले समजलं. खोटं काही नव्हतं. पण ते घरातलं होतं.

गोपाळ म्हणतो, "आजी, पत्ता मी लिहून देतो, त्यात काय." मी म्हणलं, "पत्र माझं, तर पत्ताही माझाच." या खेपेले पाकिटावर 'दारात निंब असलेलं घर' एवढं वाढवलं आहे. उकंडरावाच्या दारात बोर आहे.

दसऱ्याले यायचं जमत नाही. कोकिळाले एकटीले घर जड जाते. ही ओळ मी मोठ्यानं म्हणत लिहिली, तर कोकिळा भाकर थापायची थांबून माझ्याकडं पाहत राह्यली. तिच्याकडं लक्ष देऊ नका.

काल सगळे झऱ्यावर गेले होते. तिथंही कोणी पैसे मागत नाही. पाणी गोपाळच्या गुडघ्याएवढं आहे. दगड उचलला की खाली खेकडे. पाण्यात पाय सोडले की दात वाजतात, असं सुलभा सांगते. भाकरी, ठेचा अन् कांदा घरून नेला होता. घर राखायले कोणीतरी पाहिजे म्हणून मी राह्यले. सुलभानं माझ्यासाठी तांब्यात झऱ्याचं पाणी आणलं. घरी येईपर्यंत कोमट झालं होतं अन् आत एक चांगलाच घाबरलेला खेकडा होता. त्याले बाहेर काढलं अन् पाणी प्यायले.

इथं रात्री आतापासूनच गोधडी लागते. तुमची मोठी गोधडी मी येताना घेऊन आले होते, हे तुमाले आता आठवलं असंल. ती इथंच आहे.

तुमच्या घरची बाई


बुलढाणा
२७ ऑक्टोबर १९६४

गोपाळच्या आजोबांना नमस्कार.

काल उकंडराव आला होता. कोर्टात त्याची तारीख होती. ओटीवर चढता चढताच म्हणे, "वहिनी, फुकटची मजा पाहायले आलो." दोनदा चहा प्याला. मग त्याले भिंतीले टेकवलेली काठी दिसली.

"हे काय हो वहिनी? काठी काऊन?"

"कुत्रं येते."

"कुठं हाये कुत्रं?"

"बसलं ना समोर, चहा पिऊन राह्यलं."

हसला. पण मी उठले तेव्हा त्यानं पाय पाह्यला, अन् मग हसला नाही. तो दोन दिवसांनी बीबीले पोचंल. त्याच्या सुनेच्या आवाजात तुमाले हे ऐकू येण्याआधी मीच लिहिते.

श्रावणात मी पडले. इथली गल्ली उताराची आहे, चप्पल सरकली, गुडघ्यावर आले. मोरीवर बसले होते असं लिहिलं ते खरं आहे, पण तिथपर्यंत चालत गेले नव्हते. सहदेवनं मले सायकलच्या कॅरियरवर बसवून, सायकल हातानं ढकलत नेलं होतं. कोकिळा मागून धरून. आता तेवढंही दुखते. डॉक्टर म्हणतो, गुडघा आता असाच राहील, अंगणापुढं जायचं नाही, एस.टी.चे धक्के तर नाहीच. "आजी, आता नुसतं बसून राहा." मी म्हणलं, "बसून राहायले मी काय कारकून आहे?" सहदेव बाजूलेच उभा होता. तोच आधी हसला.

बीबीले यायचं म्हणजे विहिरीचं पाणी, चुलीपुढं उकिडवं बसणं, शेताची वाट. ते माझ्याच्यानं आता होणार नाही. दिवाळीनंतरही नाही.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण पाय मोडला असं लिहिलं असतं तर तुम्ही आले असते. तोंड पाडून, दोन दिवस, दवाखान्यात येतात तसे. मले तुम्ही मजेसाठी यायले पाहिजे होते. लेकाच्या घरी आपल्या पायानं, अन् राहायले.

उकंडरावानं आणखी एक सांगितलं. म्हणे तुम्ही रोज संध्याकाळी मेहकरच्या गाडीच्या वेळेले पारावर जाऊन बसता. "मी म्हणलं, काऊन बसतं बे इथं? तर म्हणे, कोण कोण उतरते ते पाहतो, पैसे थोडेच लागतात." म्हणजे फुकटची मजा तुमालेही येते. इकडं पोरं गाडी पाहतात, तिकडं तुम्ही.

तर आता पारावर बसू नका. त्या गाडीतून मी उतरणार नाही. तुम्हीच चढा. बीबी, मेहकर, चिखली, बुलढाणा. तुमच्या वाटेले घाट लागत नाही. गाय उकंडराव बांधून घेईल, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, दुसऱ्या चहाच्या आधी. वेचणीवर आपला गडी कचरू लक्ष ठेवील, त्याले तुमच्यापेक्षा जास्त समजते. सहदेव स्टँडवर सायकल घेऊन उभा राहील. कॅरियरवर बसा. लेकाच्या मागं बसायले तिकीट नाही.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी जाऊ. डॉक्टरले सांगू नका. मले मोरीवर सोडा अन् तुम्ही कठड्यापर्यंत जा. तुम्हीही मले चाळीस वर्षं 'ऐकलं का'च म्हणत आले. तिथं एकदा माझ्या नावानं हाक मारा. डोंगराले ते अजून माहीत नाही. हाक मारायले पैसे पडत नाहीत.

हे पत्र चुकून दुसऱ्याच्या ओट्यावर पडलेलं चालणार नाही. म्हणून या खेपेले पाकिटावर निंब लिहिला नाही. किसनराव अर्जुनराव बनकर, असं सरळ लिहिलं आहे. 'स' तीनदा गिरवला. गोपाळ टाळ्या पिटून म्हणे, "आजीनं नाव घेतलं." मी म्हणलं, "घेतलं नाही बे, लिहिलं."

गोधडी उन्हात घातली आहे.

किसनरावांची
मनकर्णा