पक्की प्रत

३ जून
आले एकदाची! वरची खोली माझी. मोठी खिडकी, टेबल, नवाकोरा टाइपरायटर. आई गेल्यापासून घरी बोलायला भिंतीच होत्या, इथे निदान माणसं तरी आहेत. लेखकमहाशय कादंबरी लिहितात, मी पक्की प्रत टाइप करायची. नियम एकच: लाल पेन्सिलीने खोडलेलं पक्क्या प्रतीत येता कामा नये. स्वयंपाकीणबाईंनी तर माझी हाडं मोजून दोन घास जास्तच वाढले.

५ जून
कादंबरीत स्वयंपाकीणबाई आहेत, इथला माळी आहे आणि चक्क मीसुद्धा! ‘टंकलेखिका चहा ठेवून निघून गेली.’ अहो, मी कधी चहा ठेवला? तरी हरखून गेले. नाव तेवढं दिलेलं नाही. विचारलं, तर म्हणाले, दार उघडण्यापुरत्या माणसांना नाव दिलं की वाचक उगाच त्यांची वाट बघत बसतो.

९ जून
काल माळ्याच्या दोन ओळी खोडलेल्या होत्या, गाळल्या. आज बागेत गुडघाभर गवत. बाई म्हणतात, इथे माळी कधी नव्हताच. मग परवा बागेत भांडल्या त्या कोणाशी?

१२ जून
काल बाईंची खोडलेली ओळ गाळली. मीच. अक्कल कुठे गहाण टाकली होती माझी! आज स्वयंपाकघरात जळमटं. लेखक म्हणाले, मी आजवर माझ्या हातचंच खात आलोय. मी खूप रडले.

१३ जून
आजच्या पानांत माझी ओळ. खोडलेली. ती पानं गादीखाली लपवली. मावशीला फोन केला. जीव लावणारी तेवढीच उरलीय. आवाज ओळखला तिने, पण नाव काही तिच्या ओठांवर येईना. वय झालं गं, म्हणून हसली. मीही हसले. फोन ठेवला आणि स्वतःचं नाव घेऊन पाहिलं —

१४ जून
ठरलं. ती ओळ टाइप करायची आणि तिच्यात माझं नाव घालायचं. नाव असलेल्या माणसाला कोण खोडणार? कागद चढवला. बोटं तशीच राहिली. या वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं होतं — पान कोरं.

१५ जून
गादीखाली काही नाही. टाइपरायटरही नाही. खाली टकटक — लेखक स्वतःच टाइप करतायत. मी समोर जाऊन ओरडले. त्यांनी मान वर केली नाही.
मावशी मला हाक मारायची — अंगणातून, जेवायला —
कोणी वाचलंत तर एवढं लक्षात ठेवा, चहा मी ठेवलाच नव्हता. मी इथे राहत होते, वरच्या खोलीत. मी —